कोपऱ्यातल्या खोलीची झडप

अंबरनाथ (पूर्व)
दि. १४ मे २०२५

अहो,

मायना काय लिहावा यावर सकाळचा एक अख्खा चहा गार झाला. 'तीर्थरूप' लिहायला तुम्ही माझे वडील नाही, 'प्रिय' लिहायची आपल्यात पद्धत नाही, आणि 'श्रीयुत' लिहिलं तर पाणीपट्टी थकल्याची नोटीस वाटते. तेव्हा 'अहो'वर भागवून घ्या. लग्नापासून भागतंच आहे. पाकिटावरचं नाव राजसीकडून लिहून घेतलंय.

इकडे सर्व क्षेम आहे. तुम्हीही खुशाल असाल, कारण तुम्ही ज्यांच्याकडे जाऊन राहिलात त्या आण्णांचा रोज फोन येतो. तुम्ही त्यांच्या बाथरूमच्या भिंतीला भोक पाडून हवा खेळती केलीत आणि आता शेजारच्या बाईंच्या फोडणीची हवा त्यांच्या अंघोळीत खेळते, हे त्यांनी मला सांगितलं. सांगितलं म्हणजे बदलापुरातून ओरडून कळवलं. कारखान्याचा भोंगा बिघडला की शिफ्ट सुटल्याचं आण्णा सांगायचे आणि ते मोरिवलीपर्यंत कळायचं, असं तुम्हीच म्हणता ना.

पुढच्याच स्टेशनावर राहणाऱ्या नवऱ्याला पोस्टाने पत्र धाडणारी बाई पाहून पोस्टातली मुलगी उद्या काय समजेल ते समजो. फोन मी रविवारी करून पाहिला. विचारलं, "बीपीच्या गोळ्या संपल्या असतील, पाठवू का?" तुम्ही म्हणालात, "हो हो, अगदी." मी म्हटलं, "की तिकडेच घेताय?" तुम्ही म्हणालात, "हो हो, अगदी." मग मी मुद्दामच विचारलं, "मी दुसरं लग्न करू का?" त्यालाही तुमची हरकत दिसली नाही. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर तुम्ही सगळ्याच मेसेजना हात जोडलेलं चित्र पाठवता, मग तो वाढदिवस असो नाहीतर बारावा. म्हणून कागद घेतला. कागद मन लावून वाचावा लागतो.

आता घराची हकिकत.

नवा एसी सुरू झाला. खोटं कशाला बोलू, गार आहे. तुमच्या चौकोनी जाळ्या होत्या तिथे आता लांबट फटी आहेत, टपालपेटीला असते तशी एकेक. आवाज म्हणून नाही. त्यांच्या आत काळा फोम लावलेले पाईप आहेत, ते आवाज गिळून टाकतात म्हणे. समीरला वीसवर हवा असतो, राजसीला चोवीसवर. दोघं दिवसभर ऑफिसात गारठून येतात आणि घरी येऊन याच्यावर भांडतात. मी रिमोट ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवायला लागले आहे. आता तो नेहमी सव्वीसवर असतो आणि थोडा पांढरा दिसतो.

पहिल्या दिवशी चहा झाला तशी मी सवयीने ओट्यावरच्या फटीत तोंड घालून म्हटलं, "ऐकलंत का, चहा." हॉलमधून समीर आला. म्हणाला, "आई, कोणाशी बोलतेस?" मी म्हटलं, मशीन चालतंय का बघत होते. तो म्हणाला, "अगं, त्याला रिमोट आहे." मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कप घेऊन गेला.

नवा माणूस घरात आला की चहाच्या आधी तुम्ही त्याला डक्टची कहाणी ऐकवता. मला ती आरतीसारखी पाठ आहे. हे घर घेतलं तेव्हा संध्याकाळनंतर कारखान्यांचा वास सुटायचा, खिडक्या उघडायची सोय नव्हती आणि बंद ठेवल्या की आतली माणसं शिजायची. मग तुम्ही मागच्या अंगणात, जिकडे वास येत नाही त्या बाजूला, कपाटाएवढा कूलर बांधलात, त्याला वाळ्याचे पडदे लावलेत आणि रविवारी कारखान्यातले फिटर जेवायला बोलावून पत्र्याचे डक्ट खोलीखोलीत फिरवलेत. जेवण कोण रांधत होतं ते कडवं तुमच्या आरतीत नाही. थंडीची सोय वेगळी. एक झडप फिरवली की कूलर बंद आणि स्वयंपाकघरातली ऊब सगळ्या घरात. ती सोय पहिल्याच डिसेंबरात गुंडाळावी लागली, कारण मी मिरचीची फोडणी दिली आणि तुमचे जनरल मॅनेजर सपत्नीक शिंकत अंगणात गेले. हे कडवंही तुम्ही गाळता.

पण खरा उपयोग तुम्ही कधीच कोणाला सांगितला नाहीत. तुमची कोपऱ्यातली खोली आणि माझा ओटा यांच्यात जो डक्ट होता, तो जवळजवळ सरळ. तुम्ही तिकडे जाळीत तोंड घालून "सुनंदा, चहा" म्हटलंत की ते माझ्या मसाल्याच्या फळीवर येऊन पडायचं. मी इकडून "दूध फाटलंय, कोरा घ्या" म्हटलं की तुमच्या टेबलावर. साऱ्या जगाची मी माई झाले, पोटची चैत्रालीसुद्धा पुण्याहून फोनवर कधीकधी माईच म्हणते. सुनंदा मी फक्त त्या पत्र्यात राहिले होते. आपली भांडणंसुद्धा तिथेच झाली. समोरासमोर तुमचा चेहरा पाहिला की मला हसू येतं आणि भांडण वाया जातं. जाळीतून नीट भांडता यायचं.

बरं, आता त्या जेवणाचं.

कैरीची आमटी होती. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, कारण राजसीला रात्रीची चटणी आत्ताच वाटायची होती. समीर म्हणाला, "बाबा, जुने डक्ट सगळे काढून टाकायचे म्हणतोय. उल्हासनगरचा एसीवाला प्रीतम सोमवारी येईल. चालेल ना?" तुम्ही म्हणालात, "हो हो, अगदी." राजसी मिक्सर सोडून बाहेर आली आणि तिनेही दोनदा विचारलं. पोर पुन्हा म्हणाली, "बाबा, नक्की ना? तुमच्या हातचं काम आहे, तुम्हाला वाईट वाटत असेल तर राहू दे." तुम्ही मान डोलावून भाताकडे बोट दाखवलंत. ती इतकी हरखली. ऑफिसात तिने सगळ्यांना सांगितलं की सासरे असावेत तर असे, स्वतःच्या हातचं काम मुलांसाठी हसत मोडायला दिलं.

आणि सोमवारी तुम्ही पेन्शनरांच्या सभेहून परत आलात तर अंगणात तुमचे डक्ट आडवे पडलेले, भिंतींना भोकं, आणि प्रीतम तुमच्या खोलीतली जाळी डोक्यावर घेऊन दारात उभा. तुम्ही म्हणालात, "कोणाला विचारून?" समीर म्हणाला, "बाबा, तुम्हीच तर हो म्हणालात." राजसी म्हणाली, "मी तीनदा विचारलं हो."

सगळे तुमच्याकडे पाहत होते. मीही पाहत होते. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि मग म्हणालात, "हो म्हटलं म्हणजे लगेच तोडायचं?" आणि आत जाऊन पिशवी भरलीत. पिशवीत एक सदरा, दोन लेंगे आणि पत्रा कापायची कात्री. नवरा रुसून निघाला तर टूथब्रश नेत नाही पण कात्री नेतो, हे मी फक्त तुमच्यातच पाहिलं.

घरात सगळे समजतात की म्हाताऱ्याने शब्द फिरवला. समीर चिडलाय. राजसी कमी जेवते आणि दर वेळी "माई, माझं काय चुकलं?" विचारते. मी म्हणते तुझं काही नाही, त्यांचं डोकं फिरलंय. पण ते खरं नाही, आणि ते मला त्या जेवणापासून माहीत आहे.

आता जे लिहिते ते बसून वाचा. आण्णांना वाचून दाखवू नका, सगळ्या बदलापूरला कळेल.

तुमच्या खोलीच्या जाळीला तुम्ही जी झडप बसवलीत, ती हवाबंद आहे असं तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलं होतंत. झडप ओढली की हवा नाही, वास नाही, आवाज नाही. तुम्ही तिचं रबर मुंबईहून आणलं होतंत आणि त्या दिवशी इतके खूश होता की मी मान डोलावली. अहो, ती झडप एक दिवसही हवाबंद नव्हती. हवा अडायची, वास अडायचा, पण आवाज खुशाल यायचा. तुम्ही झडप ओढून खोलीत जे जे बोललात ते माझ्या फळीवर पडत आलं आहे.

साहेबांना तुम्ही दिलेल्या शिव्या मी ऐकल्या आहेत. त्यांतल्या दोन मला माहीत नव्हत्या, एकीचा अर्थ अजून कळलेला नाही. तुमचं गाणं ऐकलंय, त्याबद्दल काही म्हणत नाही. कारखान्यातला तुमचा प्लांट बंद व्हायचा होता तेव्हा मला कसं सांगायचं याची तुम्ही आत तालीम करत होता. "सुनंदा, एक सांगायचंय," मग थांबायचात, मग पुन्हा पहिल्यापासून. मी इकडे पुरणाला डाळ टाकली. तुम्ही बाहेर आलात तेव्हा ताटात पुरणपोळी पाहून म्हणालात, "आज काय?" मी म्हटलं, डाळ जास्त झाली होती. चैत्राली सासरी गेली त्या दिवशी तुम्ही आत जाऊन हमसून रडलात आणि बाहेर येऊन सांगितलंत, डक्टमधून धूळ येते, साफ करायला हवा. मी तुम्हाला फडकं दिलं.

सांगितलं असतं तर तुम्ही झडप दुरुस्त केली असती. म्हणून नाही सांगितलं.

आणि होळीच्या सुमारास तुम्ही झडप ओढून आण्णांशी फोनवर बोलत होता. म्हणालात, "आण्णा, आता हिचं बोलणं जाळीतूनच कळतं रे. समोर बसली की नुसते ओठ हलताना दिसतात. मी हो हो म्हणत राहतो. जाळीत मात्र सगळं स्वच्छ येतं, अगदी बांगड्यांसकट."

मी गॅस बंद केला आणि तिथेच पाटावर बसले. त्या दिवशी भाजी कच्ची होती. तुम्ही म्हणालात, "छान झालीय."

म्हणजे जेवताना तुम्ही समीरला 'हो हो' म्हणालात, तेव्हा तुम्हाला काही ऐकू गेलं नव्हतं हे टेबलावर फक्त मला कळलं होतं. मी सांगू शकले असते. कागदावर लिहून पुढे सरकवलं असतं तरी झालं असतं. मी आमटी वाढत राहिले. एसी मला हवा होता हे एक. मेमध्ये भाकऱ्या थापायला तुम्ही कधी उभे राहिला नाहीत, म्हणून तुम्हाला वाळ्याचा थंडावा पुरेसा वाटतो. पण खरं कारण ते नाही. मला राग आला होता. कान जाताहेत हे तुम्ही आण्णांना सांगितलंत. मला नाही. चष्मा लागला तेव्हा पहिल्यांदा घालून मला दाखवायला स्वयंपाकघरात आला होतात, कवळीचं माप दिलंत तेव्हा मला बरोबर नेलंत. मग कानांनी काय पाप केलं होतं? मला वाटलं, होऊ दे एकदा फजिती, मग तरी सांगतील. तुम्ही सांगितलं नाहीत, बदलापूरला गेलात.

म्हणजे मीही काही फार शहाणी नाही. रागात आमटी वाढली आणि ज्या पत्र्यातून तुम्हाला मी ऐकू येत होते, तोच काढू दिला.

आता पुढचं ऐका. नाही, वाचा.

तुम्ही गेल्यावर मी प्रीतमला विचारलं, जुना माल कुठे टाकलास. तो म्हणाला, "माई, वो तो भंगारमध्ये दिला, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये. टेन्शन नका घेऊ, घर एकदम साफ करून दिलंय." मी म्हटलं, मला कोपऱ्यातल्या खोलीचा डक्ट परत हवा. त्याला वाटलं मी हिशेबावरून भांडते आहे. मग दुसऱ्या दिवशी समीर-राजसी ऑफिसला गेल्यावर मी शेअर रिक्षा पकडून उल्हासनगरला गेले. भंगारवाल्याकडे आपले डक्ट एका कोपऱ्यात उभे होते, त्यांत कोणाची तरी मांजर व्यायली होती. तिथूनच प्रीतमला फोन करून बोलावलं, सरळ तुकडे त्याच्या टेम्पोत गेले. पण वळणावरचा बेंड, तो तुम्ही हाताने ठोकलेला, तो मी टेम्पोत टाकू दिला नाही, चेपला असता. तो मांडीवर घेऊन परत शेअर रिक्षात बसले. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, याची पण सीट लागेल." शेजारी जीन्सच्या कारखान्यातली बाई गठ्ठा घेऊन बसली होती. तिने खालून वरून पाहून विचारलं, "तंदूर हाय काय?" मी म्हटलं, "नाही, आमच्या ह्यांचा आहे." तिने अंबरनाथ येईपर्यंत गठ्ठा आपल्या बाजूला ओढून धरला.

प्रीतमने बेंड हातात फिरवून पाहिला. म्हणाला, "किसने बनाया? आमचा कारीगर तर एवढं बघून पळून जाईल." मी सांगितलं कोणी ते. मग त्याने विचारलं, "पण माई, ह्यात मशीन नाही, पंखा नाही. ना गार, ना गरम. मग फायदा काय?" मी म्हटलं, फायदा आहे, तू लाव. त्याने लावला. ओट्यावरून तुमच्या खोलीपर्यंत, जुन्याच भोकांतून. समीर संध्याकाळी येऊन म्हणाला, "आई, हे परत काय?" मी सांगितलं की ओट्यावरची वाफ जायला वाट हवी. तो म्हणाला, "पण ही वाट बाबांच्या खोलीत जाते." मी म्हटलं, "जाऊ दे."

झडपही बसवली आहे. रबर जुनंच ठेवलंय. ते बदलायचं नाही, हे बजावून ठेवते.

तुमच्या कानांबद्दल मी घरात कोणाला एक अक्षर सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. राजसीला तेवढं तुम्ही सांगा. तिने तीनदा विचारलं होतं, तिला उत्तर मिळायला हवं. आणि आण्णांच्या भरवशावर राहू नका. ते का ओरडतात माहीत आहे का? बॉयलरजवळ जन्म काढला, त्यांना स्वतःलाच ऐकू येत नाही. वहिनी सांगायच्या मला. तुम्ही दोघं तिथे बसून कसल्या गप्पा मारता ते देवालाच ठाऊक.

तेव्हा असं करा. हे पत्र मिळालं की कात्री पिशवीत घाला आणि निघा. आण्णांच्या बाथरूमचं भोक आधी बुजवा. घरात शिरलात की कोणाशी काही बोलू नका. समीर काही म्हणाला तर 'हो हो' म्हणा, तुम्हाला सवय आहे. थेट आपल्या खोलीत जा, झडप उघडा आणि जाळीवर दोनदा टकटक करा. मी ओट्यापाशी असेन.

मग मी तुम्हाला नावाने हाक मारणार आहे. लग्नात उखाण्यात घेतलं त्यानंतर मी तुमचं नाव मोठ्याने कधी घेतलेलं नाही, आणि आता या वयात लाज वाटण्यासारखं काही उरलेलं नाही. ऐकू आली तर ओ द्या. नाही ऐकू आली तर खोटं 'हो हो' म्हणू नका, गप्प राहा. मला कळेल. मग आपण दोघं उल्हासनगरला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. रिक्षात तुमची आणि माझी, दोनच सीट लागतील.

त्या दिवशी आमटी करीन. या वेळी मिक्सर लावणार नाही.

सरावासाठी हाक आत्ता कागदावर मारून पाहते.

देवदत्त, जेवायला या.

तुमची,
सुनंदा